मोकळी बाजू

मी तांब्याचा पत्रा बोलतोय. वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, नखाएवढ्या जाडीचा, चारही कडा घासून उतरत्या केलेला. तुम्ही मला पाहिलेलं नाही. पाहिलं असेल ते माझ्यावरून कागदावर उतरलेलं चित्र, काचेमागे, भिंतीवर. त्यापुढे उभं राहून तुम्ही कागदाचं कौतुक केलं असेल, चौकटीचंही केलं असेल. माझं नाव कोणी घेत नाही. मला त्याचा राग येत नाही, आणि आला तरी पत्र्याचा राग कोणाच्या लक्षात येणार?

माझा जन्म कारखान्यातला. जड रुळांखालून मला इतक्या वेळा दाबून काढलं, की लहानपणाबद्दल विचाराल तर 'अजून थोडा चपटा हो' एवढंच आठवतं. माझ्याबरोबरचे काही पत्रे भांड्यांकडे गेले, काही विजेच्या सामानात. मी दुकानात एका फळीवर धूळ खात उभा होतो. एक दिवस एक बाई आली. चष्मा कपाळावर चढवलेला, बोटांच्या पेरांत काळी शाई कायमची बसलेली. तिने मला उचललं, दारापाशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं.

"याला ओरखडा आहे," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही तरी घरी नेऊन त्याच्यावर ओरखडेच काढणार ना?" दुकानदार म्हणाला. ती खो खो हसली आणि मला घेऊन गेली.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. केस पांढरे झाले तरी धाकटीच. घरामागे सामान ठेवायची एक लांबट खोली होती, तिथे तिचं काम चाले. खोलीत एकच खिडकी. तिच्या काचांना तिने पातळ कागद चिकटवला होता, म्हणजे ऊन थेट आत न येता गाळून येई. मधोमध छपाईचं यंत्र, दोन रूळ आणि हाताने फिरवायचं मोठं चाक. फळीवर जुने पत्रे ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर एकेक माणूस होता. कोणी पाठ करून बसलेलं, कोणी केस पुसणारं, कोणी गाढ झोपलेलं. धाकटीला झाडं काढायचा कंटाळा, घरं काढायचा त्याहून कंटाळा. माणसाचा खांदा कसा उतरतो, बसल्यावर पाठ कुठे वाकते, हेच बघण्यात तिचा जन्म गेला.

आणल्यावर तिने माझा तो ओरखडा घासून काढला, मला आरशासारखं चमकवलं आणि कपाटात ठेवून दिला. मी वाट बघत पडून राहिलो.

मग एका दुपारी तिची वहिनी आली. चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी मुद्द्यावर आली.

"तुझ्या दादाला इथे बसायला बोलव ना. चित्रासाठी म्हणून. काहीतरी निमित्त पाहिजे गं. नुसतं बाहेर चला म्हटलं तर अंगावर येतात."

दादा म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. सुतार. लाकूड कापायच्या यंत्रात त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता. जखम केव्हाच भरली होती, पण माणूस घराबाहेर पडेना. कामावरचे सोबती भेटायला आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. रिकामी बाही खिशात खोचलेली असायची. फोटो तर कोणाला काढूच द्यायचा नाही. मालकाने निरोप पाठवला होता, की मापं घ्यायला, माणसांवर देखरेख करायला तरी ये. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "डाव्या हाताने सरळ रेघ येत नाही मला. लोकांना काय शिकवू?"

"बोलवते," धाकटी म्हणाली. "पण वहिनी, चित्र बघून तो आणखी मिटून गेला तर?"

"तर संपलंच," वहिनी म्हणाली. "पुन्हा बोलवायला तुला तोंड राहणार नाही, आणि मलाही."

एवढं सगळं माझ्यावर येऊन पडणार होतं. मला कोणी विचारलं नाही, पण कपाटात पडल्या पडल्या मीही जरा घाबरलो.

दादा आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"माझ्यात काढण्यासारखं काय राहिलंय?"

"नाक राहिलंय की," धाकटी म्हणाली. "ते लहानपणापासून मोठंच आहे."

तो हसला नाही, पण बसला. बसल्यावर त्याने दोन अटी घातल्या. "तो आरसा आधी भिंतीकडे फिरव. आणि ही बाजू झाकायची."

आता हा आरसा तिथे का होता ते सांगायला हवं. आमच्याकडे सगळा कारभार उलटा असतो. माझ्यावर जे उजवीकडे काढाल ते कागदावर डावीकडे उमटतं. म्हणून धाकटी समोरच्या माणसाकडे बघून काढत नसे. त्याचं आरशातलं रूप बघून काढी. एकदा आरशाने पालटलेलं, एकदा छपाईने पालटलेलं, म्हणजे कागदावर माणूस होता तसा सरळ. पण हात गेल्यापासून दादाला आरसा नकोसा झाला होता. दाढीसुद्धा तो अंदाजाने करी आणि हनुवटीखाली चार केस राहून जात.

धाकटीने आरसा फिरवला. "मनातल्या मनात उलटं करून घेते," असं स्वतःशीच म्हणाली.

माझ्यावर मेणाचा पातळ थर चढला होता आणि मेणबत्तीच्या धुराने तो काळाकुट्ट केला होता. त्यावर तिची सुई चालू लागली. सुई तांबं खरवडत नाही, फक्त मेण बाजूला करते. काळ्यावर लखलखीत रेघा उमटतात. कागदावर त्याच रेघा काळ्या होतात, तोही उलटा कारभार. तिने आधी डोक्याची गोलाई घेतली, मग मान, मग गुडघ्यावर ठेवलेला डावा हात. त्या हाताच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. खिळा धरताना लहानपणी त्यावर हातोडी बसली होती. तेही तिने सोडलं नाही.

खिडकी दादाच्या उजव्या अंगाला होती. सगळा उजेड त्या खांद्यावर आणि त्या रिकाम्या बाहीवर पडत होता. एरवी धाकटीने काय केलं असतं ते फळीवरचे जुने पत्रे मला सांगू शकले असते. उजेडाच्या बाजूला ती फार रेघा काढत नसे. खांद्याची कड थोडी दाखवायची आणि सोडून द्यायची. पुढचं बघणारा आपल्या डोळ्यांनी पुरं करतो. कागदावरचा उजेड कोणी रंगवलेला नसतो, तो नुसता कोरा कागद असतो. जिथे मी काही करत नाही तिथे उजेड होतो. माझ्यासारख्याला हे पचायला जड जातं, पण तसं आहे.

पण दादाने झाकायला सांगितलं होतं. म्हणून तिने त्या बाजूला रेघांवर रेघा घातल्या. उभ्या घातल्या, आडव्या घातल्या, तिरक्या घातल्या, आणि तिथे काळोख करून टाकला. खिडकी उजव्या अंगाला आणि काळोखही उजव्याच अंगाला. तिचा हात आवडत नसलेलं काम करतोय हे मला सुईच्या टोकातून कळत होतं.

आणखी एक गोष्ट मला कळत होती. मनातल्या मनात उलटं करायचं ती केव्हाच विसरली होती. आरशाशिवाय काढायची सवय नव्हती, आणि समोर भाऊ बसलेला. तो जसा दिसत होता तसाच ती उतरवत गेली. मी ओरडून सांगितलं असतं, पण पत्र्याला वाचा फुटते ती शाई लागल्यावर.

काही दिवस हे चाललं. दादा येई, बसे, धाकटीच्या यंत्राचं टेबल डगमगतं म्हणून कुरकुर करी. टेबल त्यानेच बनवलं होतं, त्यामुळे दोष तो फरशीला देई. मग त्याला घरी पाठवून तिने मला ॲसिडच्या तबकात सोडलं. जिथे मेण उघडं तिथे ॲसिड तांबं खातं. रेघ किती काळी होणार हे हाताच्या जोरावर नसतं. ती ॲसिडमध्ये किती वेळ राहिली त्यावर असतं. चेहऱ्याच्या रेघा थोड्या खाल्ल्या गेल्यावर तिने मला बाहेर काढून त्यांच्यावर वार्निश लावलं, म्हणजे त्या तेवढ्यावरच थांबल्या. शर्टाला जास्त वेळ मिळाला. त्या काळ्या ढिगाला सगळ्यांत जास्त. रेघांवर बुडबुडे जमत होते, ते ती एका पिसाने हळूच बाजूला करत होती. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. आपल्या अंगावर कोणीतरी बसायला आलंय असं वाटत होतं.

पहिली प्रत काढायच्या दिवशी वहिनी हजर होती. धाकटीने मला शाई फासली, जाळीदार कापडाने पुसली, मग तळहाताने पुसली. ओलसर कागद माझ्यावर घातला, वर जाड लोकर, आणि चाक फिरवलं. लोकर बाजूला झाली, कागदाचं एक टोक तिने चिमटीत धरून सावकाश वर उचललं.

दोघी त्यावर वाकल्या.

"अगं," वहिनी म्हणाली, "यांना उजवा हात आहे!"

धाकटी स्टुलावर बसली. कागदावरच्या माणसाचा उजवा हात गुडघ्यावर शांत ठेवलेला होता, आणि डाव्या खांद्याखाली कोळसा सांडल्यासारखा काळोख होता.

"आरसा," ती म्हणाली. "वहिनी, मी आरशाशिवाय काढलं. इतकी वर्षं काम करते आणि नवशिक्यासारखी चूक केली. आता हे त्याला कसं दाखवू? त्याची थट्टा केल्यासारखं होईल."

"दाखवूच नकोस. फाडून टाक."

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज आला. दादाला आज यायला सांगितलं नव्हतं. तो आपणहून आला होता. ओला कागद लपवणार तरी कुठे? धाकटी उभी राहिली, कागद दोन्ही हातांत धरून, चोरी पकडल्यासारखी.

दादाने चित्र बघितलं. मी यंत्रावर पडलो होतो, मला त्याचा चेहरा खालून दिसत होता. आधी तो पांढरा पडला. त्याचं लक्ष फक्त त्या हाताकडे होतं. उजव्या हाताकडे. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची चेन चढवत होतं. मला वाटलं, आता हा वळणार आणि जाणार. वहिनीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

तो वाकला. अगदी कागदाला नाक लागेल इतका वाकला.

"हा माझा उजवा नाही," तो म्हणाला.

"दादा, माझी चूक झाली, मी..."

"अगं, नख बघ. उजव्या हाताने हातोडी धरणारा माणूस उजव्याच अंगठ्यावर हातोडी मारून घेईल का?" आणि तो हसायला लागला. धाकटीकडे बघून, वहिनीकडे बघून, हसतच राहिला. "हा डावाच आहे. उजव्याचं सोंग घेऊन बसलाय लेकाचा."

वहिनी हसता हसता रडायला लागली.

मग दादाने दुसऱ्या बाजूकडे बघितलं. हात गेल्यापासून स्वतःची ती बाजू त्याने बघितलीच नव्हती. पण कागदावरच्या माणसाची ती डावी बाजू होती, म्हणजे त्याची नव्हती, कोण्या दुसऱ्याच माणसाची होती. दुसऱ्याची म्हटल्यावर त्याला ती बघता आली.

"या बाबाचा डावा गेलेला दिसतोय," तो हळूच म्हणाला. "आणि हा काळा ढीग कसला?"

"तूच म्हणालास झाकायचं."

"झाकलंय कुठे? डोळा आधी तिथेच जातो. खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या अंगावर एवढा काळोख कुठून येईल?" त्याने त्या ढिगाकडे बोट दाखवलं. "काढता येतं का ते?"

"खरवडून, घासून काढता येईल. पण मग तिथे काहीच राहणार नाही."

"मग काय झालं," दादा म्हणाला. "नाहीच आहे तिथे काही."

ही गोष्ट त्याने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटली होती. धाकटीने मान वळवून खिडकीकडे बघितलं आणि चष्मा पुसला.

ते खरवडणं काही सोपं नव्हतं. तिधारी सुरीने तिने माझ्या अंगावरच्या खोल रेघा थर थर करून सोलल्या. मग तेल लावून गुळगुळीत पोलादी दांडीने घासत बसली. तिथे खड्डा पडला, म्हणून पाठीमागून ठोकून मला वर उचललं. घालायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ काढायला लागला. आता बसायची काहीच गरज नव्हती, तरी दादा रोज येई. "झालं का तुझं?" विचारी, टेबलाखाली लाकडाची चकती सरकवून बघी, आणि संध्याकाळी बाही खिशात न खोचता घरी जाई. ती वाऱ्याने हलायची. हलू द्यायचा.

धाकटीने त्याला विचारलंही, "चित्र सरळ करू का? दुसऱ्या पत्र्यावर आरसा लावून काढते. तू आहेस तसा."

त्याने विचार केला. "नको. मी आहे तसा घरी आहेच. हा राहू दे."

शेवटी जी प्रत निघाली ती मला आवडली, माझीच असून आवडली. डोकं, वाकलेली मान, गुडघ्यावरचा हात, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या बाजूला खांद्याची रेघ निघते, थोडी उतरते आणि थांबते. बाहीची एक घडी आहे, मग ती पण थांबते. पुढे कागद. धाकटीने तिथली शाई तळहाताने अगदी स्वच्छ पुसली होती आणि बाकीच्या अंगावर शाईची पातळ झाक राहू दिली होती, त्यामुळे ती मोकळी बाजू खिडकीसारखी उजळली. काढून टाकलेल्या काळोखाचे दोनचार धूसर ओरखडे उरले होते, नीट बघितलं तरच दिसणारे. बघायला आलेले लोक म्हणत, "बसलाय कसा निवांत!" हात नाही हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात येई.

ठरलेल्या प्रती काढून झाल्या. आता माझ्या धंद्यातली शेवटची रीत सांगतो. प्रती पुऱ्या झाल्या की पत्र्यावर एक आडवी रेघ मारून तो बाद करतात, म्हणजे कोणी मागाहून चोरून आणखी छापू शकत नाही. चित्र विकत घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो. मला हे ठाऊक होतं. तरीही धाकटीने जाड सुई बाहेर काढली तेव्हा मला वाईट वाटलं. लपवत नाही, खूप वाटलं.

तिने सुई दादासमोर धरली.

"तू मार."

"मी? डाव्याने?"

"बाद करायचाय. वाकडी आली तरी काय बिघडणार?"

दादाने सुई घेतली. पट्टी माझ्यावर आडवी ठेवली आणि ती हलू नये म्हणून उजव्या हाताचं जे उरलं होतं ते पट्टीवर दाबून ठेवलं. कोणाहीसमोर तो असं कधी करत नसे. आज धाकटी समोर होती, वहिनी दारात होती, त्याला भान नव्हतं. धाकटी म्हणाली, "चेहऱ्यावरून मारतात, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात."

"तोंडावर? छे!" पट्टी त्याने खाली सरकवली, हात सोडून, मान सोडून, थेट त्या मोकळ्या बाजूवर आणली. पहिल्या खेपेला सुई घसरली. त्याने दात आवळले, श्वास घेतला आणि पुन्हा टेकवली. टोक माझ्यात रुतलं. मग रेघ निघाली. माझ्या कडेपर्यंत गेली. टोकाला थोडी वळली.

बाद झाल्याची खूण म्हणून अशा पत्र्याची एक प्रत काढून ठेवतात. धाकटीने ती काढली. कोऱ्या जागेत एकच काळीभोर रेघ, मखमलीसारखी.

सगळ्या प्रती टेबलावर मांडल्या होत्या. धाकटी म्हणाली, "वहिनी, घरासाठी तुम्हाला हवी ती उचला."

वहिनीने एकेक बघितली, आणि शेवटची उचलली.

"अहो वहिनी, ती बाद झालेली आहे."

"असू दे."

"अगं, टोकाला वाकडी गेलीय ती," दादा म्हणाला.

"दिसतंय मला," वहिनी म्हणाली आणि कागदाची गुंडाळी पदराखाली धरून चालायला लागली.

त्यानंतर दादा इथे फारसा येत नाही. सकाळी तो कामावर जातो, मापं घेतो, नव्या माणसांना रागावतो, आणि घरी जाईपर्यंत दमलेला असतो. धाकटी सांगते त्यावरून मला कळतं. मला त्याची आठवण येते, आणि तो येत नाही याचा आनंदही होतो. दोन्ही एकदम होतं.

मी आता फळीवर जुन्या पत्र्यांच्या ओळीत उभा आहे. माझ्यावर पुन्हा शाई चढायची नाही. कधी या खोलीत आलात, तर मला खाली उतरवा आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसा. बाकी कुठेही हात लावा, पण त्या रेघेवरून बोट फिरवू नका. सुईने उकललेलं तांबं तिच्या काठाला अजून उभं आहे, बोट कापेल. दादाने ती फार जोरात मारली. डाव्या हातात एवढा जोर आहे हे त्यालाही तेव्हाच कळलं.